लॉर्ड ऑफ द रिंग्सच्या एक्स्टेंडेड डीव्हीडी घ्यायच्यात? मग आधी हे वाचा

आता डीव्हीडी कोण घेतं, असं विचारणारे विचारणारच, त्यांना विचारू दे. सिनेमा बघायचा असेल तर तो आज ना उद्या कुठल्या तरी ॲपवर येतोच, त्यासाठी डीव्हीडी घ्यायची खरंच गरज नाही. पण लॉर्ड ऑफ द रिंग्सच्या जुन्या चार डिस्कवाल्या सेटमध्ये पहिल्या दोन डिस्कवर सिनेमा आहे आणि तिसऱ्या-चौथ्या डिस्कवर तो सिनेमा कसा बनला याचा अख्खा खजिना आहे (त्यालाच 'अपेंडिसेस' म्हणतात), आणि माझं मत विचाराल तर आपण पैसे त्या तिसऱ्या-चौथ्या डिस्कचे देतोय. एवढं डोक्यात पक्कं असलं की कुठला सेट घ्यायचा, कुठला सोडायचा हे आपोआप ठरतं.

आधी नेमकं काय हवंय ते ओळखा

यात भले भले गोंधळतात कारण एकाच सिनेमाच्या इतक्या आवृत्त्या निघाल्यात की ऑनलाइन शोधायला गेलं की सगळ्याच 'स्पेशल' दिसतात.

पहिली थिएटरवाली आवृत्ती. तीन सिनेमांतला पहिला, फेलोशिप ऑफ द रिंग, डिसेंबर २००१ ला थिएटरात आला आणि ऑगस्ट २००२ ला अमेरिकेत त्याची दोन डिस्कची डीव्हीडी आली. एका डिस्कवर सिनेमा, दुसरीवर टीव्हीसाठी केलेले प्रोमोछाप कार्यक्रम आणि छोटे छोटे तुकडे. हा सेट सगळ्यात जास्त खपला म्हणून सेकंडहँड बाजारात हाच सगळ्यात जास्त दिसतो आणि स्वस्तही मिळतो. पण आपल्याला हवाय तो हा नाही. त्यात अजून एक खोडा म्हणजे अमेरिकेत याच्या 'वाइडस्क्रीन' आणि 'फुल स्क्रीन' अशा दोन वेगळ्या प्रती निघाल्या होत्या. फुल स्क्रीन म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीत बसवायला चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या. कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, अर्धं सैन्य फ्रेमबाहेर उभं असतं.

दुसरी, आपल्याला हवी ती: स्पेशल एक्स्टेंडेड डीव्हीडी एडिशन. फेलोशिपची नोव्हेंबर २००२, टू टॉवर्सची नोव्हेंबर २००३ आणि रिटर्न ऑफ द किंगची डिसेंबर २००४. प्रत्येकी चार डिस्क, म्हणजे तिन्ही मिळून बारा. ओळखायची सोपी खूण म्हणजे कव्हरवर नटनट्यांचे फोटो नाहीत, जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकासारखा बॉक्स आहे, फेलोशिपचा हिरवा, टू टॉवर्सचा लालसर मरून आणि रिटर्न ऑफ द किंगचा निळा. बॉक्समधून आतली घडी ओढून काढायची आणि ती उलगडत जाते, तिच्यात डिस्क बसवलेल्या.

लांबी सांगतो म्हणजे फरक कळेल. फेलोशिप १७८ मिनिटांचा २०८ झाला, टू टॉवर्स १७९ चा २२३ आणि रिटर्न ऑफ द किंग २०१ चा साधारण २५०. शिवाय शेवटी फॅन क्लबच्या मेंबरांची नावं सरकत राहतात ती वेगळीच, ती बघत बसायची काही गरज नाही. वाढीव सीन म्हणजे कचऱ्याच्या टोपलीतून उचललेले तुकडे नाहीत. गॅलाड्रिएल सगळ्यांना भेटवस्तू देते तो सीन थिएटरात आखडता घेतला होता, बोरोमीर-फारामीर भावांचा आणि त्यांच्या बापाचा फ्लॅशबॅक अजिबात नव्हता, आणि सारुमानचा शेवट तर पूर्ण कापला होता, त्यामुळे सारुमान झालेले ख्रिस्तोफर ली तिसऱ्या सिनेमात थिएटरमध्ये दिसलेच नाहीत आणि ते त्यांना बिलकुल आवडलं नव्हतं. फारामीर थिएटरवाल्या आवृत्तीत उगाच खडूस वाटतो, तो फ्लॅशबॅक बघितला की त्याचं वागणं कळतं. मला विचाराल तर तिन्हीतला सगळ्यात जास्त फायदा टू टॉवर्सला झालाय.

तिसरी, २००६ ची लिमिटेड एडिशन. ही जरा फसवी. यात थिएटरवाली आणि एक्स्टेंडेड अशा दोन्ही आवृत्त्या एकाच डिस्कवर, डिस्कच्या दोन्ही बाजू वापरून, आणि सोबत कोस्टा बोट्सची मेकिंग डॉक्युमेंटरी. डॉक्युमेंटरी चांगली आहे, जास्त मोकळीढाकळी आहे, सेटवर कॅमेरा घेऊन नुसता फिरलेला माणूस. पण अपेंडिसेस यात नाहीत, कॉमेंट्रीही नाही, म्हणजे सिनेमा चालू असताना दिग्दर्शक-कलाकार मागून बोलत असतात ती. 'लिमिटेड' शब्द बघून उडी मारू नका. शिवाय दोन्ही बाजूंनी वापरायची डिस्क म्हणजे तिला हात लावायला बाजूच उरत नाही.

चौथा प्रकार गिफ्ट सेटचा. एक्स्टेंडेड एडिशनच्याच चार डिस्क, वर एक जास्तीची डिस्क आणि एक मूर्ती. फेलोशिपबरोबर नदीकाठच्या त्या दोन अवाढव्य राजांचे पुतळे, पुस्तकांना टेकू म्हणून ठेवायचे, टू टॉवर्सबरोबर गॉलम, रिटर्न ऑफ द किंगबरोबर मिनास तिरिथ शहराचा डबा. शोकेसमध्ये झकास दिसतात यात वाद नाही. पण जड आहेत, वाटेत फुटतात, आणि सेकंडहँड घेताना पुतळ्याचा एखादा टवका उडालेला असतोच. ज्याला मूर्ती हवी त्याने घ्याव्या, सिनेमासाठी घेऊ नये.

मग ब्लू-रे का नको?

हा प्रश्न रास्त आहे. २०११ ला एक्स्टेंडेडचा पंधरा डिस्कचा ब्लू-रे सेट आला, त्यातल्या सहा डिस्क ब्लू-रे आणि उरलेल्या नऊ चक्क डीव्हीडीच आहेत, म्हणजे त्याच जुन्या अपेंडिसेस आणि त्या बोट्सच्या डॉक्युमेंटऱ्या. त्यामुळे तो सेट पूर्ण, सगळ्या डिस्कसकट मिळाला आणि घरी ब्लू-रे प्लेअर असेल तर खुशाल घ्या, चित्र अर्थातच डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. एकच खोट, त्यातल्या फेलोशिपवर हिरवट झाक आहे, बर्फसुद्धा हिरवट दिसतो, यावरून तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती. २०२० च्या फोर-के सेटमध्ये रंग नव्याने केले आणि चित्र अप्रतिम आहे पण अपेंडिसेस त्यात नाहीत. म्हणजे गंमत बघा, वीस वर्षांत सिनेमा तीनदा चकचकीत करून विकला पण मेकिंगचा खजिना अजून त्या जुन्या डीव्हीडीवरच बसलाय.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. मोठा टीव्ही असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर सिनेमा फोर-केवर बघा आणि मेकिंगसाठी जुना बारा डिस्कचा सेट सेकंडहँड घ्या. एकच काहीतरी घ्यायचं असेल तर बारा डिस्कचा सेट.

रीजन आणि पाल-एनटीएससी, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका

प्रत्येक डीव्हीडीच्या मागे पृथ्वीच्या गोळ्याचं छोटं चित्र असतं आणि त्यात एक आकडा, तोच रीजन, म्हणजे ती डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड ४, आणि आपला भारत ५. म्हणजे नियमाने बघितलं तर अमेरिकेतून आलेली पण आपल्याकडे चालायला नको आणि इंग्लंडमधून आलेली पण. प्रत्यक्षात आपल्याकडे विकले गेलेले बरेचसे स्वस्तातले प्लेअर सगळं बिनतक्रार चालवतात, आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच प्लेअरचं कुलूप रिमोटवर ठराविक आकडे दाबून निघतं, मॉडेल नंबर टाकून शोधलं की सापडतं. तुमच्याकडे घरी आधीच दुसऱ्या देशाची एखादी डीव्हीडी असेल तर आज लावून बघा, हजारो रुपये टाकायच्या आधी ही फुकटची टेस्ट आहे.

लॅपटॉपवर बघणार असाल तर बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा लागेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. तिथे एक धोका आहे. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. म्हणून विंडोजने रीजन बदलायचा का विचारलं की धडाधड ओके दाबत सुटू नका. व्हीएलसी प्लेअर बऱ्याचदा रीजनकडे न बघता डिस्क चालवतो, आधी तो लावून बघा.

आता पाल आणि एनटीएससी, म्हणजे टीव्हीवर चित्र दाखवायच्या दोन वेगळ्या पद्धती. अमेरिकेच्या प्रती एनटीएससी, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या पाल. आपल्याकडच्या टीव्हीला दोन्ही चालतात. पण न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी इंग्लंडची प्रत स्वस्त दिसली म्हणून मागवू नये, तिकडचे बरेच प्लेअर पाल घेत नाहीत आणि मग डिस्क नुसती पेपरवेट.

पाल-मध्ये चित्रात रेषा जास्त, ५७६ विरुद्ध ४८०, म्हणजे किंचित जास्त बारकावा. पण सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो आणि पाल २५ ने चालवतं, त्यामुळे सगळा सिनेमा साधारण चार टक्के पळत असतो. म्हणूनच इंग्लंडच्या फेलोशिपची वेळ २०८ ऐवजी २०० च्या आसपास दिसते, काही कापलेलं नसतं, घाबरू नका. बहुतेकांना हे जाणवत नाही. पण असं पळवताना बऱ्याचदा सूरही चढतो, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊण हिश्शाने, तेव्हा ज्यांचा कान तयार आहे, घरात तानपुरा-पेटी आहे, त्यांना हॉवर्ड शोरचं म्युझिक चढं वाटू शकतं. अशा लोकांनी अमेरिकेचीच प्रत घ्यावी. शिवाय अमेरिकेच्या प्रतीत डीटीएसचा सहा-पॉइंट-एक साउंड आहे, होम थिएटरवाल्यांना त्याचं कौतुक.

शोधायचं कुठे

नवीन, सीलबंद मिळणं आता अवघड आणि जिथे मिळतं तिथे भाव अवाच्या सवा. सेकंडहँडच बघायचं.

भारतात ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, जुन्या डीव्हीडी गोळा करणाऱ्यांचे ग्रुप. पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आणि नेहमीचा रद्दीवाला, त्याला सांगून ठेवा, कारण घरं रिकामी करताना लोक डीव्हीडी किलोवर देतात. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं तोवर असल्या गोष्टी हातात घेऊन बघता यायच्या, ते २०१६ ला बंद झालं. भारतात छापलेली प्रत सापडली तर मागच्या बाजूला डिस्कची संख्या आणि 'एक्स्टेंडेड' हे शब्द दोन्ही बघा, नुसतं 'स्पेशल' वाचून घेऊ नका.

खरा माल मात्र अमेरिका-इंग्लंडमध्ये पडलाय. तिकडे लोकांनी कपाटं रिकामी करून गुडविलसारख्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये आणि इंग्लंडात चॅरिटी शॉपमध्ये हे सेट देऊन टाकलेत, आणि तिथे ते कॉफीच्या भावात मिळतात. ईबेवर तर ढीग आहे. अडचण फक्त इकडे आणायची. थेट भारतात मागवलं तर बऱ्याचदा पोस्टेज डीव्हीडीपेक्षा जास्त होतं आणि वर कस्टम्सची ड्युटी लागली तर ती वेगळी. म्हणून जुना देशी मार्ग: तिकडे असलेल्या बहिणीच्या नाहीतर मित्राच्या पत्त्यावर मागवायचं आणि ते दिवाळीला येतील तेव्हा बॅगेतून. अमेरिकेत पोस्टाची मीडिया मेल नावाची स्वस्त सेवा आहे, पुस्तकं-डीव्हीडीसाठीच असते, विकणाऱ्याला तीच वापरायला सांगा. बारा डिस्कचे तिन्ही बॉक्स वजनाला फार नाहीत पण जागा खातात, त्यामुळे आणणाऱ्याला आधीच फोटो पाठवून ठेवा, ऐनवेळी बॅगेत जागा नाही म्हणून बॉक्स तिकडेच टाकून नुसत्या डिस्क घेऊन येतात लोक!

विकणाऱ्याला काय काय विचारायचं

लाजायचं नाही. बॉक्सच्या पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो, आतली घडी पूर्ण उलगडून फोटो, आणि प्रत्येक डिस्कच्या खालच्या चमकत्या बाजूचा फोटो, उजेडात तिरकी धरून. चारही डिस्क एकाच सेटच्या आहेत का ते वरच्या छपाईवरून कळतं. अपेंडिसेसचे भाग सलग आहेत, फेलोशिपमध्ये पहिला-दुसरा, टू टॉवर्समध्ये तिसरा-चौथा, रिटर्न ऑफ द किंगमध्ये पाचवा-सहावा. विकणारा 'सगळ्या डिस्क आहेत' म्हणतो आणि नेमकी अपेंडिसेसची एक गायब असते असं होऊ शकतं, कारण सिनेमाच्या डिस्क लोक जपतात, बाकीच्या कुठेतरी दुसऱ्या कव्हरमध्ये जातात.

खालची बाजू जांभळट-निळसर दिसली तर ती घरी कॉपी केलेली डिस्क समजा. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी असते, दोन थरांची असेल तर सोनेरी झाक मारते. तीनही सिनेमे एकाच डिस्कवर, कव्हरवर स्पेलिंगच्या चुका, असलं काही दिसलं की तो फुटपाथवाला माल आहे, त्यात अपेंडिसेस-बिपेंडिसेस काही नसतं.

ओरखड्यांचंही एक गणित आहे. मधून बाहेर जाणारे सरळ ओरखडे बहुतेक वेळा चालून जातात, पण गोलाकार, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट, तिथे चित्र अडकतं. मधल्या भोकाजवळ बारीक तडा असेल तर अजिबात घेऊ नका, ड्राइव्हमध्ये जोरात फिरताना तो तडा वाढतो. आतल्या प्लास्टिकच्या ट्रेचे मधले दात तुटलेले असतात बऱ्याचदा, त्याने डिस्क सुटी फिरते आणि घासते. दात तुटलेले असतील तर भाव पाडायला हे चांगलं कारण आहे, घरी आणून डिस्क वेगळ्या मऊ पाकिटात ठेवायच्या.

लोकल माणसाकडून घेताय तर आधी गुगल पे करू नका, डिस्क चालू असतानाचा व्हिडिओ मागवा, आणि शक्य असेल तर समोर जाऊन लॅपटॉप-ड्राइव्ह घेऊनच जा.

घरी आल्यावर

सेट आला की तो त्याच आठवड्यात तपासायचा, परत करायची मुदत निघून गेल्यावर नाही. सगळा साडेअकरा तासांचा सिनेमा बघायची गरज नाही. प्रत्येक डिस्कवर शेवटचे दोन-तीन चॅप्टर आणि साधारण मधला भाग चालवून बघा, कारण दोन थरांच्या डिस्कला मध्ये कुठेतरी थर बदलावा लागतो आणि जुनी डिस्क अडखळली तर तिथेच अडखळते. क्षणभर थांबून पुढे गेली तर ठीक, तेवढं चालतं.

पुसायची असेल तर चष्म्याच्या मऊ कापडाने, मधून बाहेर सरळ. गोल गोल फिरवून पुसू नका, टूथपेस्ट-बिस्ट लावायचे यूट्यूबवरचे उद्योग तर मुळीच नकोत.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात-गोव्यात जुलैपर्यंत कपाटात बुरशी येते, आणि हे बॉक्स पुठ्ठ्याचे, त्यांना कसर पण लागते. भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, उभे ठेवा, आडवे एकावर एक रचू नका, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या पुड्या साठवून ठेवल्यात ना घरात कोणीतरी, त्या इथे वापरा.

टीव्हीचं सेटिंग आणि बघायचा क्रम

टीव्हीवर चित्र १६:९ ठेवा, वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच, सिनेमाच तेवढा रुंद आहे, झूम करून पट्ट्या घालवल्या की फुल स्क्रीनवालं पाप आपणच केलं. मोशन स्मूदिंग नावाचं जे काय असतं ते बंद करा, नाहीतर मॉर्डॉरपण टीव्ही सिरियलसारखं दिसतं.

आणि अपेंडिसेस सलग एका दिवशी बघायला जाऊ नका, एका सेटच्या दोन डिस्कवरच तासनतास माल आहे. फेलोशिपच्या तिसऱ्या डिस्कवर टोल्किनवरची डॉक्युमेंटरी आणि चिलखतं-हत्यारं बनवणाऱ्या वेटा वर्कशॉपचे भाग आहेत, तिथून सुरू करा. हातांनी एकेक कडी जोडून चिलखतं विणत बसलेली माणसं बघितली की पुढे लढाईच्या सीनमध्ये नजर आपोआप चिलखतावर जाते. चौथ्या डिस्कवर हॉबिट लहान कसे दाखवले ते आहे, कॅमेरा हलतो तसं टेबलसुद्धा सरकतं, कॉम्प्युटर ग्राफिक्सचा त्यात संबंध नाही, ते दोनदा बघावं लागतं कळायला. आणि क्रिकेटवाल्यांसाठी टू टॉवर्सच्या साउंडचा भाग: हेल्म्स डीपच्या लढाईतल्या ऑर्क सैन्याच्या आरोळ्या २००२ ला वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड वन डेच्या मधल्या सुट्टीत रेकॉर्ड केल्यात, दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः मैदानात उभा राहून हजारो प्रेक्षकांकडून ओरडून घेतोय. वानखेडेवर असं कोणी केलं असतं तर ऑर्कच घाबरले असते.

कॉमेंट्रीचे प्रत्येक सिनेमाला चार वेगवेगळे ट्रॅक आहेत. पहिला दिग्दर्शक-लेखकांचा, तो आधी. कलाकारांचा ट्रॅक स्वयंपाक करताना, कपडे घड्या घालताना नुसता कानावर पडू द्यायला मस्त आहे. बाकीचे दोन तांत्रिक लोकांचे, ज्यांना त्यातलं वेड आहे त्यांच्यासाठी.

एक लपवलेली गंमत सांगून ठेवतो. फेलोशिपची पहिली डिस्क लावा, सीनच्या यादीत शेवटच्या पानावर 'कौन्सिल ऑफ एलरॉन्ड' वर जा आणि रिमोटचं खालचं बटण दाबा, छोटी अंगठी दिसेल, ती निवडली की एमटीव्हीसाठी जॅक ब्लॅकने केलेली त्या सीनची टवाळी सुरू होते. जरा चावट आहे, आजी-आजोबा आणि पोरं झोपल्यावरच लावा.